पाटी वाचणाऱ्याचा नातू

पिराजीला आता कुठल्याही कार्यक्रमात माईक द्यायचा नाही, असं शहरातल्या दोन-तीन कमिट्यांनी ठरवून टाकलंय म्हणे. ठरवू देत की! त्याचा आवाज काय माईकवर वाढलेला नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या मैदानात लाईट गेली तरी माणसं जागची हलायची नाहीत. "गेली तर जाऊ दे, पिराजी हाय नव्हं?" म्हणायची, आणि पुढची कुस्ती लागायची. पोटासाठी त्यानं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ओतकामाच्या कारखान्यात भट्टीपुढं अंग भाजून घेतलं. रिटायर होऊनही आता बरीच वर्षं झाली. पण जिल्हा त्याला ओळखतो तो कुस्तीचा निवेदक म्हणून.

आखाड्यात पैलवान उतरला की पिराजी त्याचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, बाप, आजा, सगळं सांगणार. नवखं पोरगं असलं तरी सांगणार. आयोजक घड्याळ दाखवायला लागले तर माईकवरूनच त्यांना झाडायचा. "माणूस लंगोट लावून चारचौघांच्या म्होरं उभा राहिलाय. त्याचं नाव तरी नीट घेऊ द्या की!" आणि चुकून कुणाच्या वस्तादाचं नाव वेगळं गेलं, तर भर मैदानात स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायचा. असला माणूस. डोकं तापलं की जाळ अन् धूर संगटच.

हा आवाज त्याला आजाकडून आला. आजाचं नाव ज्ञानू, आणि धंदा पाट्या वाचण्याचा.

आता पाट्या म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. पिक्चरं मुकी होती त्या काळातली ही गोष्ट. पडद्यावर माणसं तोंडं हलवायची, पण आवाज नाही. मधेच काळी पाटी यायची, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत कोण काय म्हणालं ते लिहिलेलं. आता तंबूत मांडी घालून बसलेल्या माणसांतल्या किती जणांना अक्षरओळख होती? म्हणून पडद्याशेजारी पेटीवाला, तबलजी आणि एक मोठ्या गळ्याचा माणूस उभा करायचे. पाटी आली की त्यानं ती वाचायची. लोकांना पिक्चर कळायचं ते त्याच्या तोंडून. तो म्हणाला बाई सती, तर सती. तो म्हणाला बाई उठवळ, तर उठवळ.

पिराजीची आजी विठाबाई. ती पेठ वडगावकडची, शेतावर भांगलायला, म्हणजे खुरप्यानं तण काढायला जाणारी. त्या दिवसांत चांगल्या घरची बाई सोडाच, कुणाचीच बाई पिक्चरमध्ये काम करायला तयार नसायची. मिशा काढलेले पुरुष लुगडी नेसून नट्या व्हायचे. कोल्हापूरच्या एका कंपनीला खुनाचं पिक्चर काढायचं होतं आणि त्यांना खरी बाई पाहिजे होती, खुरपं धरता येणारी. ज्ञानू त्याच कंपनीच्या तंबूत पाट्या वाचायचा. त्यानंच आपली बायको पुढं केली. त्यानंच, हे ध्यानात ठेवा.

पिक्चरचं नाव 'खुरप्याची धार'. गोष्ट साधी होती. एक इनामदार एका कुळाची जमीन गिळायला बघतो. कुळ ऐकत नाही, तेव्हा बांधावर त्याचा खून पाडतो. बायको फौजदाराकडं जाते, तर फौजदार इनामदाराकडून थैली घेऊन तिलाच हाकलतो. मग ती बाई खुरपं उचलते, इनामदाराच्या माडीवर जाते आणि त्याला संपवते. शेवटी फासावर चढते. विठाबाईनं त्यात असं काम केलं की कंपनीतली माणसं म्हणे शूटिंग बघताना मागं सरकली. तिनं काय केलं होतं? रोज शेतात करायची तेच, फक्त गवताच्या जागी माणूस होता.

पण पिक्चर गेलं सेन्सॉरकडं. गोरा साहेब आणि त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली आपली शहाणी. फौजदार लाच घेतो, हे सरकारला कसं खपणार? आणि इनामदार कुळाचा खून करतो, हे तमाम इनामदारांना कसं खपणार? आपल्याच भागातल्या एका बड्या इनामदारांनी तर मुंबईपर्यंत माणसं पाठवली, की हे पिक्चर आमच्यावरच काढलंय म्हणून. पिक्चरमधल्या इनामदाराला ना नाव होतं ना गाव, तरी यांना तो आपलाच वाटला. चोराच्या मनात चांदणं! दुसरं काय?

झालं, कात्री चालली. नवऱ्याचा खून कापला. फौजदाराची थैली कापली. राहिलं काय? एक बाई पदरात खुरपं लपवून माडीवर जाते, मालकाकडं बघते आणि त्याचा जीव घेते. का घेते, ते कुठंच नाही. ते सांगायला मग साहेबांनी नवी पाटी लिहून दिली. 'धनलोभाने अंध झालेली ही बाजारबसवी आपल्या उपकारकर्त्या धन्याच्या जिवावर उठली!' पिक्चरचं नावही बदललं, 'पापिणीचा फास'. मुकी बाई! तिच्या नावावर काहीही खपवा, ती थोडीच पडद्यावरून खाली उतरून भांडणार आहे?

कोल्हापुरात पिक्चर लागलं तेव्हा तंबूत पुढच्याच बाकावर हवालदार बसवला होता, पाटी लिहिलीय तशीच वाचली जाते का ते बघायला. बायकांच्या बाजूला विठाबाई बसली होती. अक्षर तिलाही येत नव्हतं. तिला वाटत होतं, आपण केलं तेच पिक्चर लागलंय. आणि ती पाटी आली. ज्ञानूनं हवालदाराकडं बघितलं, आणि खणखणीत आवाजात वाचली. बाजारबसवी! स्वतःच्या बायकोला, भरल्या तंबूत. माणसांनी शिट्ट्या मारल्या, बायकांनी बोटं मोडली.

त्या दिवसापासून विठाबाई नवऱ्याशी बोलली नाही. घर सोडून गेली नाही, पोरं झाली, संसार झाला. बोलणं तेवढं झालं नाही, अगदी मरेपर्यंत. ज्ञानूनं पाट्या वाचायचं सोडलं, लाकडाच्या वखारीत हमाली धरली, पण त्याचा उपयोग काय? गावात नाव पडायचं ते पडलं. विठाबाई मंडईत भाजी विकायला बसायची तर बायका म्हणायच्या, "खुनीणबाईच्या हातची मेथी नको गं बाई." पडद्यावरचं खरं मानायचा तो काळ. त्यात नवऱ्यानंच ओरडून सांगितलेलं. मग कोण संशय घेणार?

या दोघांची थोरली मुलगी म्हणजे अक्का. पिराजीच्या वडिलांची मोठी बहीण, पिराजीची आत्या, पण सगळी गल्ली तिला अक्काच म्हणते. आईबापाचं बोलणं चालायचं ते हिच्या मध्यस्थीनं. "त्येला सांग, भाकरी वाढलीया." "तिला म्हण, पोटात दुखतंय माझ्या." लहानपण असलं निरोप पोचवण्यात गेलं. पुढं हातकणंगल्याचं एक चांगलं स्थळ आलं, सुपारी फुटली, आणि पाव्हण्यांना कुणीतरी सांगितलं की मुलगी खुनीणबाईची. त्यांनी सुपारी मोडली. अक्कानं परत लग्नाचं नाव काढलं नाही. शिवणकाम करून तिनं भावाचा संसार सावरला, पिराजीला वाढवलं. आता नव्वदी पार झालीय. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. तिला तंबूतली गोष्ट आईनं सांगितलेली, आणि अक्कानं पिराजीला. पिराजी प्रत्येक वेळी आजाची बाजू घ्यायचा. "हवालदार म्होरं बसल्याव त्येनं काय करायचं हुतं, अक्का? जेलात जायाचं?"  विषय तिथंच थांबायचा.

आणि गेल्या वर्षी ऋता दारात आली. ऋता इथल्याच एका मास्तरांची मुलगी, जुन्या पिक्चरांवर अभ्यास करणारी. पेठ वडगावात त्या काळी तंबूतलं मशीन चालवणाऱ्या एका ऑपरेटरच्या घरी माळ्यावर तिला पत्र्याचे डबे सापडले होते. एका डब्यात 'पापिणीचा फास', आणि दुसऱ्या डब्यात कापलेले तुकडे! कायद्यानं ते तुकडे सेन्सॉरकडं जमा करायचे होते. त्या पठ्ठ्यानं साहेबाला कुठल्यातरी देवाच्या पिक्चरमधले फाटके तुकडे चिकटवले आणि खरे घरी नेले. साहेब काय डबा उघडून बघतोय! ऋतानं सगळं पुण्याला नेऊन कॉम्प्युटरवर साफ केलं, तुकडे जिथल्या तिथं बसवले, पहिली पाटीही मिळाली ती लावली. पिक्चर पुन्हा उभं राहिलं.

अक्का खाटेवर बसून ऐकत होती. म्हणाली, "पोरी, नवऱ्याला मारत्यात ती हाय त्यात?"

"आहे, आजी."

"फौजदार पैसं घेतोय ती?"

"तेही आहे. सगळं आहे."

अक्कानं तोंड ऋताच्या आवाजाच्या दिशेनं वळवलं. मग म्हणाली, "मला ऐकीव."

ऋता गोंधळली. "आजी, मूकपट आहे तो. ऐकू काय येणार?"

"माझ्या आईच्या वक्ताला वाचत हुती," अक्का म्हणाली. "आंधळ्याला बी कळायचं."

तिथंच ठरलं. पिक्चर जुन्या पद्धतीनं दाखवायचं. पेटी, तबला, आणि पाट्या वाचायला पिराजी. अक्का पहिल्या रांगेत बसून ऐकणार. आयुष्यभर खुनीणीची पोरगी म्हणून जगली, मरायच्या आधी एकदा भरल्या हॉलात तिच्या कानावर खरं पडावं, एवढीच इच्छा. पिराजी दुसऱ्या दिवसापासून मोरीत, गच्चीवर, म्हशीपुढं उभा राहून पाटी वाचायला लागला. 'न्याय विकला गेला. आता हे खुरपेच न्याय करील!' गल्लीतली पोरंसुद्धा ते पाठ म्हणायला लागली.

खर्चासाठी ऋता गेली एका महोत्सव समितीकडं. समितीचे अध्यक्ष उदयसिंह. कारखाना, पतसंस्था, शाळा, सगळीकडं अध्यक्षच. कोल्हापूरची चित्रपरंपरा म्हटलं की त्यांचा ऊर भरून यायचा. त्यांनी होय म्हटलं, कागदावर सह्या झाल्या, पिक्चर समितीच्या नावावर झालं. पिक्चर कसलं आहे ते त्यांनी बघितलं नव्हतं. रंगीत तालमीला बघितलं, आणि तोंडातला चहा तसाच राहिला. मुंबईपर्यंत माणसं पाठवणारे ते बडे इनामदार कोण होते, असं वाटतं? उदयसिंहांचे सख्खे आजोबा!

कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. त्या दिवशी सकाळी पिराजीला ऑफिसात बोलावणं आलं. ऋता आधीच येऊन खाली मान घालून बसली होती.

"या, पिराजीराव, बसा. चहा सांगू?" उदयसिंह म्हणाले. आवाजात नुसता खवा. "एक छोटासा बदल केलाय. ते कापलेले तुकडे आहेत ना, ते दाखवायचे नाहीत. सेन्सॉरनं पास केलेलं पिक्चर आहे, तेवढंच दाखवायचं."

पिराजीला आधी कळलंच नाही. "म्हंजे? नवऱ्याचा खून?"

"नाही दाखवायचा. आणि ते फौजदाराचं पण नको. प्रमुख पाहुणे पोलीस खात्यातले आहेत, बरं दिसत नाही."

"आणि पाटी?"

"पाटी पिक्चरमध्ये आहे तीच. बाजारबसवीची."

पिराजी उठून उभा राहिला. "अवो, ती खोटी पाटी हाय! कापून घातलेली!"

"खोटी कशी? सरकारचा शिक्का आहे तिच्यावर. लोकांनी त्या काळात बघितलं तेच पिक्चर ओरिजिनल. आम्ही काहीच कापत नाही, उलट इतिहास जसा आहे तसा दाखवतोय."

आता बोला! यांच्या आज्यानं कापायचं, आणि नातवानं म्हणायचं कापलेलं तेच ओरिजिनल. चोर तो चोर, वर शिरजोर. पिराजीच्या कपाळाची शीर तटतटली. "इतिहास म्हणं! आज्याचं तोंड काळं झालं आसतं म्हणून कापलंय, ती सांगा की! खाल्लेल्या जमिनी ढेकर दिऊन पचल्या, पर पडद्यावरचा इनामदार अजून टोचतोय व्हय तुम्हास्नी?"

"पिराजीराव, तोंड सांभाळा." खवा संपला होता. "भावना दुखावतात लोकांच्या."

"आमच्या अक्काला न्हाईत व्हय भावना? का भावना बी सातबाऱ्यावर नाव आसल त्येलाच?"

ऋता मधे पडली. "सर, निदान नवी पाटी तरी काढून टाकूया. त्या जागी काहीच नको."

"काही काढायचं नाही, काही घालायचं नाही." उदयसिंह पिराजीकडं वळले. "तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? पाटीवर आहे ते वाचायचं, एवढंच तर काम. तुमच्या आजोबांनी वाचलंच की!"

 टेबलावरचा चहाचा कप पिराजीनं भिंतीवर आपटला आणि तो बाहेर पडला. ऋता मागोमाग जिन्यापर्यंत धावत आली. "काका, माझी चूक झाली. सह्या करताना मी नीट विचार केला नाही," म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. पिराजी तिच्यावर ओरडणार होता, पण तिच्याकडं बघून तसाच जिना उतरला.

घरी येईपर्यंत त्यानं ठरवलं होतं, जायचंच नाही. गेलं खड्ड्यात पिक्चर. पण दारात पाऊल टाकतोय तर अक्का सकाळपासून न्हाऊन, ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून बसलेली. म्हणाली, "कितीला निगायचं रं? मला म्होरं बसीव हां. ऐकू आलं पायजे."

आता तिला काय सांगायचं? की अक्का, आज परत तुझ्या आईला बाजारबसवी म्हणणार हायती?  पिराजी बाहेर जाऊन म्हशीवर उगाचच ओरडला. आपण असले कसले मर्द, म्हातारीला खरं सांगायची छाती होत नाही, असं त्याचं त्यालाच वाटत होतं. संध्याकाळी तिला रिक्षात घालून तो निघाला. वाटेत अक्का बोलत होती, आई दिसायला कशी होती, तिचे हात कसे खरबरीत होते. पिराजी नुसता हं हं करत होता.

हॉल गच्च भरला होता. हार झाले, शाली झाल्या, उदयसिंहांनी परंपरेवर भाषण ठोकलं. पाहुणे पोलीस अधिकारी पुढच्या रांगेत बसले, आणि त्यांच्यापासून चार खुर्च्यांवर अक्का, काठी मांडीवर आडवी धरून. दिवे गेले. पेटीवाल्यानं भाता ओढला. 'पापिणीचा फास' हे नाव आलं. पिराजीनं ते वाचलं, आवाज नेहमीपेक्षा खाली. अक्कानं मान तिरकी केली.

मग शेत आलं, आणि शेतात वाकलेली बाई. तिनं खुरपं थांबवून वर बघितलं. तरुण, सावळी, कपाळावर आडवं कुंकू. पिराजीनं आजी बघितली होती ती वाकलेली, केस पिकलेली. ही बाई त्याच्या नातीच्या वयाची होती. आणि त्याच्या तोंडाला जी सवय होती, ती त्याच्या आधी धावली. पडद्यावर माणूस उभा राहिला, मग त्याचं नाव घ्यायला नको?

"ही बगा, मंडळी! विठाबाई! गाव पेठ वडगाव! पाटी वाचणाऱ्या ज्ञानूची लगीनाची बायको, पिराजीची सख्खी आजी, आणि ही म्होरं बसल्याली अक्का, हिची आई!"

हॉलात हशा झाला, मग टाळ्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली, "वा रं पिराजी!" उदयसिंह खुर्चीत हलले. पिराजीलाही आपण काय करून बसलो ते मागाहून कळलं. आता त्या बाईला हॉलात नाव होतं, लेक होती, नातू होता. पिक्चर पुढं चाललं. नवरा बांधावर दिसला, इनामदार घोड्यावरून आला, आणि फटकन नवरा गायबच. कुठं गेला, का गेला, काही नाही. दुसऱ्याच चित्रात बाई खुरपं पदरात लपवून माडीचा जिना चढत होती. लोक एकमेकांकडं बघायला लागले. आणि काळी पाटी आली.

पेटीवाला सूर धरून थांबला. पाटी पडद्यावर होती, ज्यांना वाचता येत होतं ते मनात वाचत होते. अक्काला पाटी नव्हती. तिच्यापुढं फक्त अंधार, आणि त्यात पिराजी काय म्हणतो ते. ती पुढं झुकली होती. उदयसिंह दबक्या आवाजात म्हणाले, "वाचा, पिराजीराव."

"न्हाय वाचणार," पिराजी म्हणाला. माईकवर म्हणाला, अख्ख्या हॉलाला ऐकू गेलं. "ही पाटी खोटी हाय. मंडळी, ह्या बाईच्या नवऱ्याचा खून झालाय. इनामदारानं..."

माईक बंद झाला. कुणी वायर उपटली देव जाणे. त्यानं काय फरक पडतो? पिराजीनं माईक खाली टाकला, छाती भरून घेतली आणि मैदानावर सोडतो तसा आवाज सोडला.

"इनामदारानं बांधावर खून पाडलाय! त्येचा तुकडा ह्याच हॉलात हाय, दाखवत न्हाईत तुम्हास्नी! ही बाई फौजदाराकडं गेली, फौजदारानं थैली घेतली आणि हिला हाकलली! त्यो तुकडा बी हाय! तवा कापला, आज बी कापला! ही बाजारबसवी न्हाय! हिला न्याय मिळाला न्हाय, म्हणून हिनं खुरपं उचललं! खरी पाटी ऐका, 'न्याय विकला गेला. आता हे खुरपेच न्याय करील!'"

वर कॉम्प्युटरपाशी ऋता बसली होती. तिनं पिक्चर पुढं नेऊन विठाबाईच्या चेहऱ्यावर थांबवलं आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. उदयसिंह ओरडत उठले, "लाईट लावा! लाईट लावा आधी!" दिवे लागले. चेहरा फिका पडला, तरी दिसत होता. कुणी म्हणत होतं, खाली उतरवा त्याला. बरेच जण म्हणत होते, बोलू द्या की, काय खोटं सांगालाय? ज्यांच्यासाठी एवढी झाकपाक केली, ते पोलीस पाहुणे हाताची घडी घालून शांतपणे पडद्याकडं बघत होते. त्यांनी ना हूं केलं ना चूं. कुणीही पिराजीच्या अंगाला हात लावला नाही.

पिराजी घामानं निथळत स्टेजवरून उतरला आणि अक्कापुढं गुडघे टेकून बसला. त्याला वाटलं होतं, म्हातारी रडत असेल. त्यानं तिचे हात धरले.

"ऐकलंस न्हवं, अक्का?"

"ऐकलं. झालं?"

"झालं की."

"एवढंच?"

"एवढंच म्हंजे?"

"दोन-चार तर वाक्यं," अक्का म्हणाली. "लई वेळ बी न्हाई लागला. पोलीस हुता न्हवं म्होरं बसल्याला? काय केलं त्येनं तुला?"

"काय न्हाय."

"मग माझ्या बाला का रं जमलं न्हाई?"

"अक्का, त्यो काळ..." पिराजी नेहमीचं बोलायला गेला.

"गप बस!" अक्का म्हणाली, आणि तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "काळ म्हणं! माझी आई उभा जलम वाट बगत हुती, त्यो कवातरी उठून एवढंच म्हणंल म्हणून. तंबूत न्हाई तर न्हाई, मंडईत म्हणायचं, गल्लीत म्हणायचं, चुलीपाशी बसून तरी म्हणायचं! मी निरोप्या हुतो त्यांचा. मरस्तवर त्येनं मला ह्यो एक निरोप दिला न्हाई."

 हॉलातली माणसं उभी राहून बघत होती. अक्का रडत नव्हती. तिनं आपले हात त्याच्या हातांतून रागानं सोडवून घेतले होते.